कॅनव्हास प्रिंटमधून डायडो कापली गेल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रिंट बदलून मिळणे किंवा पूर्ण रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

डेव्हिड मार्टिन या स्कॉटिश चित्रकाराने १७७८ च्या सुमारास काढलेल्या तैलचित्राची प्रिंट मी तुमच्याकडून मागवली होती. चित्रात डायडो एलिझाबेथ बेल आणि लेडी एलिझाबेथ मरे आहेत. मूळ चित्र स्कॉटलंडमध्ये पर्थजवळ स्कोन पॅलेसमध्ये आहे. मी आणि माझी मावसबहीण ते बघून आलो होतो, म्हणून तिच्या साठीला हीच भेट.

खोका उघडला तर गुलाबी झग्यातली, हातात पुस्तक घेतलेली एलिझाबेथ अगदी व्यवस्थित. डायडो मात्र नाकापर्यंतच. एलिझाबेथने हात पुढे केलाय, पण धरलंय कुणाला ते कळत नाही. उलटून पाहिलं तर कॅनव्हास लाकडी पट्टीवरून मागे वळवलेला आणि डायडोचं ते गालाला लावलेलं बोट स्टेपलरच्या पिनेखाली! पिसं खोवलेला फेटा आणि हातातली फळंही तिथेच दुमडलेली.

फोन केला तर तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, "मॅडम, मेन लेडी पूर्ण आलीय, बाजूची मेड थोडी कट झाली."

ती मेड नाही हो. सर जॉन लिंडसे या नौदल अधिकाऱ्याची ती मुलगी. आई मरिया बेल, गुलामगिरीतली आफ्रिकन स्त्री. या मुलींचे वडील एकमेकांचे आते-मामे भाऊ. दोघी लंडनजवळ केनवुडला लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या घरी एकत्र वाढल्या. हे मॅन्सफिल्ड म्हणजे इंग्लंडमधून गुलामाला जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही, असा १७७२ मध्ये सॉमरसेट खटल्यात निकाल देणारे सरन्यायाधीश. डायडो स्वतंत्र आहे, असं त्यांनी मृत्युपत्रात मुद्दाम लिहून ठेवलं. तरी पुढे बराच काळ लोक तिला चित्रातली नोकराणीच समजत आले. तुमच्या मशीनने नकळत तेच केलं, आणि प्रतिनिधीने वर त्याचं समर्थन केलं. मला त्या समर्थनाचा राग जास्त आला.

मी ऑर्डर देताना मूळ चित्राचंच प्रमाण निवडलं होतं. पावती आणि दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत. वळवण्यासाठी कडेला कोरा कॅनव्हास सोडून नवी प्रिंट पाठवा आणि छापण्याआधी नमुना मला दाखवा. वाढदिवस २१ तारखेला आहे. १८ पर्यंत जमणार नसेल तर पैसे परत करा. जुनी प्रिंट न्यायला माणूस पाठवा, कुरिअरचा खर्च मी देणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक