प्रत्येक फुलाला ट्रे कशाला?

संपादक साहेब, नमस्कार. तुमच्या पुरवणीत फुलझाडांवर छान माहिती येते, पण जवळजवळ प्रत्येक लेखात तेच, आधी ट्रेमध्ये बी टाका, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणा, रोप झालं की मग जमिनीत लावा. पिटुनियाचं बी धुळीएवढं बारीक, त्याला हे ठीकच आहे हो, पण झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, तेरडा यांना एवढा खटाटोप कशाला? आणि पॉपी, लार्कस्पर यांचं सोटमूळ पटकन खोल जातं, रोप हलवलं की ते दुखावतं आणि झाड मान टाकतं. नवीन माणूस सगळं लेखात सांगितल्याप्रमाणे करतो, तरी रोपं जातात, मग तो म्हणतो माझ्या हाताला यशच नाही. खरंच वाईट वाटतं हे ऐकून.

थेट वाफ्यात पेरताना सांभाळायची ती खोली. बी जेवढं जाड त्याच्या दोन-तीन पट माती वर, बस. सूर्यफुलाला २-३ सेंमी, झिनियाला अर्धा-पाऊण, पॉपी मात्र नुसती वर भुरभुरायची आणि हाताने हलकं दाबायचं, तिला उगवायला उजेड लागतो. लार्कस्परचं उलट, त्याला अंधार हवा आणि माती थंड हवी, तर झिनियाला माती २० अंशांच्या वर गेलेली आवडते, मग आठवडाभरात कोंब वर येतात. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून टाकलं की एकाच जागी सांडत नाही. पाणी झारीनेच, पाइप सोडला तर बी वाहून जातं आणि वरची माती सुकून इतकी कडक होते की कोंब खालीच अडकतो. आणि ओळीत पेरा म्हणजे तण कुठलं नि रोप कुठलं ते कळतं.

विरळणीबद्दल, म्हणजे दाट उगवलेली रोपं कमी करण्याबद्दल, तर कोणी लिहीतच नाही! उगवलेलं रोप काढायला जीव होत नाही हे मान्य, पण झिनिया दाटीत ठेवली की पानांवर भुरी (पांढरी बुरशी) पडते, दोन रोपांत २०-२५ सेंमी तरी हवेत. जास्तीची रोपं उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा, शेजारच्याची मुळं हलत नाहीत.

तर विनंती एवढीच, कुठलं फूल थेट पेरायचं, कुठलं ट्रेमध्ये, किती खोल, किती अंतरावर, अशी एक चौकट लेखासोबत छापा ना, लोक कापून ठेवतील.

– तुमचा एक नियमित वाचक