घाटाला कठडा आहे, साइडपट्टी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ संपत आला त्या आठवड्यात मी आणि माझे मेहुणे सायकलवर तीन दिवस फिरून आलो. सातारा, कास, बामणोली, तिथून लाँचने तापोळा, वर महाबळेश्वर आणि परतीला केळघर घाटाने मेढा, सातारा. पाण्यावरचा टप्पा सोडला तर एकशे वीस किलोमीटरच्या आसपास. पत्र लिहायचं कारण शेवटच्या दिवशी घडलं, पण आधीचे दोन दिवस सांगितल्याशिवाय ते नीट कळायचं नाही. म्हणून जागा थोडी जास्त मागतो.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीभर बावीस इंची काळी सायकल दामटली, पण ती गावातल्या गावात. साठी झाली तेव्हा मुलाने गिअरची सायकल आणून दिली आणि तेव्हापासून मला डोंगर दिसायला लागले. मेहुणे सांगलीचे. सांगलीत चढ म्हणजे आयर्विन पूल, अशी मी त्यांची थट्टा करत आलोय. समर्थ मंदिर मागे पडून यवतेश्वरचा चढ सुरू झाला तेव्हा मात्र थट्टेपुरताही दम माझ्याजवळ उरला नव्हता. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: सर्वांत हलका गिअर टाका, सीटवरून उठू नका आणि वळणावर उभं राहून पाणी प्यायला लाजू नका. आम्हाला धावत मागे टाकून गेलेल्या पोरांकडे तर अजिबात बघू नका.

कासवर फुलं संपली होती आणि फुलांबरोबर गर्दीही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि भाद्रपदातला रविवार म्हणजे गाड्यांची रांग हे समीकरण पक्कं झालं. कार्तिकात तिथे पिवळं पडलेलं गवत, उघडा जांभा आणि वारा. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा बघायचा राहिला, पण सायकल आडवी टाकून तासभर कातळावर पडता आलं, ते मोसमात शक्य नाही. पुढे कास तलाव. ज्या डोंगरावर चढताना आमचा घाम निघाला, त्याच डोंगराच्या उतारावरून या तलावाचं पाणी पंपाशिवाय साताऱ्यात येतं. नळ सोडताना इतकी वर्षं हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कास साधारण १,२०० मीटर उंचीवर. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, काठोकाठ भरला की त्याची पातळी ६५९ मीटर. पावसाळ्यात पेपरात रोज छापून येते ती २,१६३ फुटांची पातळी हीच. म्हणजे कासवरून बामणोलीपर्यंतच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरच्या वर उतार. खाली पोचून रिमला बोट लावलं तर चटका बसला. ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा, पुढचा-मागचा आलटून पालटून. हे मला मेहुण्यांनी शिकवलं, सपाटीवरच्या माणसाने!

बामणोलीच्या काठावर ते बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "हेच ना ते पाणी, दाजी?" २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्यांच्या घरात जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत कृष्णा होती. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगली. त्या महिन्यात धरणातून किती क्युसेक सोडले एवढंच ते दिवसभर ऐकत होते. आता समोर तेच पाणी आरशासारखं निवांत पडलेलं. ज्यांच्याकडे मुक्काम केला त्या घरचे आजोबा म्हणाले की त्यांचं पहिलं गावही तिथेच, पाण्याखाली, आणि हात लांब करून त्यांनी जागा दाखवली. रात्री नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण झालं. अंधार पडल्यावर सायकल काढू नका, गवे रस्त्यावर येतात, असं त्यांनी दोनदा बजावलं.

लाँचवाल्यांनी सायकली विनातक्रार घेतल्या, पुढची चाकं तेवढी काढायला लावली. सकाळच्या धुक्यातून तापोळ्याला जाणारी ती लाँच हा या सहलीतला एकमेव फुकटचा आराम. तापोळा ते महाबळेश्वर पंचवीस-सत्तावीस किलोमीटर आणि सातशे मीटर चढ. आम्हाला पाच तास लागले, त्यातला एक तास निव्वळ ढकलण्यात. वर येताना वाफ्यांवर काळं प्लास्टिक आणि त्यातून डोकावणारी स्ट्रॉबेरीची रोपं दिसली. पहिली फळं नुकती धरत होती.

तिसऱ्या दिवशी वेण्णा लेकपासून निघालो. हे तळं १८४२ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधून घेतलेलं. इथून निघालेली वेण्णा केळघर, मेढा, कण्हेर धरण असं करत माहुलीला कृष्णेत जाते, आणि आमचा रस्ताही जवळजवळ तिच्या सोबतीनेच खाली येतो. तळ्यापासून धरणापर्यंत नदीबरोबर उतरायचं, अशी ही कल्पना मेहुण्यांची, आणि ती मला फार आवडली होती.

केळघर घाटात एका डाव्या वळणानंतर मागून चारचाकी आली. हॉर्न दिला. मी रीतीप्रमाणे डावीकडे सरकलो. डांबर संपलं, आणि डांबराच्या खाली वीतभर खोल माती. पुढचं चाक खाली गेलं, मागचं वर राहिलं, मी दरीच्या बाजूच्या कठड्यावर. गुडघा सोलवटला, आरसा उडाला, मागच्या गिअरचा हँगर वाकला. गाडीवाला थांबला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला काही कळलंही नसेल. तो कुठे घासून गेला नव्हता. त्याचा दोष असला तर हॉर्नपुरता.

दोष त्या वीतभर खड्ड्याचा. आपल्याकडे रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. रस्ता दोन बोटं वर येतो, साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी, आहे तिथेच राहते. असे दोन-तीन थर झाले की रस्त्याला पायरी तयार होते. कामाच्या शेवटी कडेला मुरूम टाकतात, पण त्यावर ना पाणी मारतात ना रोलर फिरवतात, नुसता पसरतात. पहिल्या मोठ्या सरीत तो दरीत. त्यात डोंगराकडचं गटार दरडीच्या मातीने भरलेलं असलं की पाणी रस्ता ओलांडून पलीकडची कड कुरतडतं. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि या भागातले घाटरस्ते ठिकठिकाणी खचले, तेव्हा पाण्याने काय करून ठेवलं ते सर्वांनी पाहिलंय. तेवढा पाऊस रोज होत नाही. पण तुंबलेल्या गटाराला साध्या आषाढसरीही पुरतात. आम्ही पाहिलेली बरीच मोठी कुरतड अशाच भरलेल्या गटारासमोर होती.

"तुम्हाला या वयात घाटात जायला सांगितलं कुणी?" हा प्रश्न मला घरातच विचारून झालाय, तेव्हा वाचकांनी तो पुन्हा विचारू नये. शिवाय प्रश्न हौशी लोकांचा नाही. घाट उतरल्यावर मेढ्याच्या अलीकडे हायस्कूल सुटलं होतं. चार-पाच मुली दप्तरं कॅरिअरला लावून सायकलवर निघाल्या होत्या, त्याच कडेने, त्याच पायरीवरून. पुढे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हंगाम आता कुठे सुरू झालाय. ट्रॉलीची बाहेर आलेली मोळी अंगावर आली की त्या मुलींनी जायचं कुठे? मोटारसायकलवाल्यांचंही तेच. तेही याच पायरीवरून पडतात, फक्त वेगात पडतात.

रस्ता रुंद करा अशी माझी मागणी नाही. कासच्या रस्त्याबद्दल तर मुळीच नाही. जांभ्यावरची जेमतेम वीतभर माती खरवडून आणखी गाड्यांना वाट करून देण्यात काय अर्थ? मागणी यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. डांबरीकरणाचं बिल निघण्याआधी कडेचा मुरूम डांबराच्या पातळीला भरलाय का, पाणी मारून दाबलाय का, हे कुणीतरी उतरून बघावं. मृगाच्या आधी डोंगराकडची गटारं मोकळी करावीत. घाटात कडेची पांढरी रेघ मारावी, म्हणजे धुक्यात निदान डांबर कुठे संपतं ते दिसेल. कठड्यांना दरवर्षी काळा-पांढरा रंग लागतो. माझ्या गुडघ्याला अजून त्यातला पांढरा लागलेला आहे, तेव्हा रंगाच्या दर्जाबद्दलही लिहिता येईल, पण ते पुन्हा कधीतरी.

मला साताऱ्यापर्यंत वडापवाल्याने, म्हणजे शेअर जीपवाल्याने, आणलं. सायकल टपावर बांधली, पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, या महिन्यातले तुम्ही तिसरे. मेहुणे सायकलवरच आले, कण्हेरच्या पाण्याकडे बघत बघत, माझ्यानंतर दीड तासाने. येताना अशा किती जागा दिसल्या ते मोजत आले होते. वीतभर किंवा त्याहून खोल, वळणावर, आणि सरकायला दुसरी जागा नाही, अशा सतरा. प्रत्येकीजवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा त्यांनी वहीत लिहिलाय. संबंधितांपैकी कुणाला हवी असेल तर यादी आपल्या कार्यालयात आणून देतो. पाहणीला सोबत यायचीही तयारी आहे. हँगर पुण्याहून यायचाय, त्यामुळे पंधरा दिवस तरी मला वडापनेच यावं लागेल.

आपला,
एक जुना वाचक,
गोडोली, सातारा