कोलोनचे दोन दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही इकडे आल्यावर दोन दिवस जर्मनीतल्या कोलोनला जायचे मी ठरवले आहे आणि तिथल्या चॉकलेट संग्रहालयाची तिकिटेही काढून ठेवली आहेत. न विचारता काढली, कारण विचारले असते तर 'कशाला उगाच खर्च' एवढेच उत्तर आले असते. आई, तू म्हणशील, मधुमेह असलेल्या बापाला न्यायला हिला दुसरी जागा मिळाली नाही का? हेच मनात येऊन गेल्या महिन्यात मी एकटीच जाऊन सगळे पाहून आले.

तिथे खाणे थोडे आणि पाहणे फार आहे. हान्स इमहॉफ या चॉकलेटच्या कारखानदाराने 1993 मध्ये ते उघडले. ऱ्हाईनच्या काठी, नदीत नांगर टाकलेल्या जहाजासारखी इमारत आहे. आत काचेच्या उबदार घरात कोकोची झाडे वाढवली आहेत, आणि त्यांची फळे फणसासारखी थेट खोडाला लागतात. पुढे काचेआड बियांपासून वडीपर्यंतची यंत्रे चालू असतात. बाबा, कारखाना सुटल्यापासून तुम्हाला असे उभे राहून यंत्र न्याहाळायला मिळालेले नाही, म्हणून खरे तर मी हे ठरवले. आईसाठी चॉकलेट पिण्याचे जुने चिनीमातीचे आणि चांदीचे पेले आहेत. मेक्सिकोकडचे लोक ते कडूच पीत. साखर युरोपात पडली, त्यामुळे बिनसाखरेचे चॉकलेट हेच मूळचे, असा मुद्दा बाबांना आयताच मिळेल.

शेवटी तीन मीटर उंचीचे चॉकलेटचे कारंजे आहे. तिथली बाई त्यात वेफर बुडवून प्रत्येकाच्या हातात देते. पगाराच्या दिवशी तुम्ही चॉकलेट रुमालात धरून दातांनी तोडायचात आणि मोठा तुकडा मला द्यायचात. या खेपेस वेफर मी तोडेन आणि मोठा तुकडा पुन्हा मीच खाईन, यावर वाद नको.

लिफ्ट आहे, आणि नदीकडे तोंड करून चहा पीत हवा तितका वेळ बसता येते. कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या 533 पायऱ्यांचे नाव मात्र काढायचे नाही. तुमच्या गुडघ्यांसाठी म्हणत नाही, मलाही अर्ध्यात धाप लागली होती. मागच्या पावसाळ्यात मला येता आले नाही, त्याची भरपाई दोन दिवसांत होत नाही हे मला कळते, तरी नाही म्हणू नका.

नवे बूट आजपासूनच घरात घालून फिरा. गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि शुगर मोजायचे यंत्र मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. निघण्याआधीचा रिपोर्ट मला पाठवा, आणि बाबा, 'ठीक आहे' असे नुसते कळवू नका, आकडा कळवा.

तुमची,
छकुली