लाल पाणी दिसलं की थांबायचं : धोदाणीच्या मावशींना पत्र

मावशी,

सप्रेम नमस्कार.

डोक्यावर भाजीची पाटी घेऊन धोदाणीहून माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढणाऱ्या तुम्ही, आणि त्याच वाटेनं पाठीला पाण्याची पिशवी बांधून पळणारे आम्ही. आमच्या जीपीएसच्या घड्याळांत, नकाशावर, ही वाट आता बारीक रेघ होऊन बसली आहे. रेघ आम्ही ओढली, पण ती कुठून न्यायची हे तुम्ही सांगितलंत. त्याचे आभार मानायला हे पत्र. उघड लिहितोय, कारण पनवेल-मुंबईहून या डोंगरात धावायला येणाऱ्यांच्या हातात नुसती रेघ पडते, तुमचं सांगणं पडत नाही.

पहिलं सांगणं वाट ओळखण्याचं. खालच्या टप्प्यात दर शंभर पावलांवर फाटे फुटतात आणि त्यातले निम्मे गुरांचे. पायाखाली बघून दोन्ही सारख्याच मळलेल्या वाटतात. तुम्ही वर बघायला शिकवलंत. माणसाच्या वाटेवर, त्यातही डोक्यावर ओझं घेऊन जाणाऱ्यांच्या वाटेवर, फांद्या पाटीच्या उंचीपर्यंत मोडलेल्या असतात, हात वर केला तरी पान लागत नाही. गुरांच्या वाटेवर छातीशीच फांद्या आडव्या येतात, कारण गाय खालून निघून जाते. शिवाय गुरांची वाट चढ टाळत डोंगराला आडवी जाते, पुढे पंज्यासारखी फाकते आणि गवतात किंवा पाण्याशी संपते. दाट झाडीत आणि कड्याच्या पोटाशी घड्याळाला उपग्रह नीट सापडत नाहीत, कड्यावर आपटून आलेल्या लहरींनी रेघ पंधरा-वीस मीटर सहज सरकते. अशा ठिकाणी दोन फाट्यांतला खरा कुठला, हे फांद्या सांगतात, घड्याळाचा पडदा सांगत नाही.

दुसरं, उतरण्याचं. "पाय टाक, आपटू नको," एवढंच तुम्ही म्हणालात, पण त्यात सगळं होतं. उतारावर घाबरलेला माणूस मागे रेलतो. वजन टाचेवर जातं, तळव्याचा पुढचा भाग जमिनीवर दाबला जात नाही, पकड सुटते आणि माणूस बसतो. माथ्याजवळ जांभ्याचे गोट्यांसारखे लाल खडे पसरलेले असतात, तिथे तर हमखास. तुमची पाटी उतरताना हिंदकळत नाही, कारण पावलं आखूड आणि गुडघे सैल. बूट चांगले आहेत म्हणून यातलं काही टळत नाही. तळाला ४-५ मिलिमीटरचे खुंट असलेला बूट ओल्या मातीत कामाचा, पण शेवाळलेल्या काळ्या दगडावर तोही साबणासारखाच घसरतो. तिथे पळायचं नाही, चालायचं. आणि उतरण्याआधी बुटाची नाडी सगळ्यांत वरच्या भोकातून ओवून घोट्याशी आवळायची. नाहीतर पाय आत पुढे सरकतो, अंगठ्याचं नख टोकावर आपटत राहतं आणि दोन दिवसांत काळं पडतं.

आधाराला कारवी धरायची तर बुंध्याशी धरायची, हेही तुमचंच. शेंड्याकडची वाळकी काठी हातात येते आणि तोल आणखी जातो.

आता पाणी. या एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. माथेरानचा माथा जांभ्याचा, खालचं अंग काळ्या पाषाणाचं. जांभा पाणी पितो, पाषाण अडवतो, म्हणून झरे दोघांच्या सांध्यावर, म्हणजे जवळजवळ माथ्यापाशी फुटतात. मधल्या चढावर पाण्याचा भरवसा नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. पायथ्याशीच दीड लिटर भरून घ्यायचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात आख्खी टाकायची. ओझं नको म्हणून ती अर्ध्या लिटरात ढवळणारे बरेच भेटतात. मिश्रण दाट झालं की पोटात मळमळतं, जुलाब लागू शकतात आणि तहान भागायच्या ऐवजी वाढते.

पण तुम्ही शिकवलंत ते ओढ्याचं पाणी. जुलैत खाली ऊन असतं आणि वर पठारावर धो धो कोसळत असतो. खालून ते दिसत नाही. ओढ्याचं पाणी आधी स्वच्छ वाहत असतं, मग त्यात पानं आणि काटक्या येऊ लागतात, मग रंग लालसर होतो. लाल माती माथ्यावरची. म्हणजे वरचं पाणी निघालं आहे. त्या घडीला पलीकडे जायची घाई करणारा अडकतो, कारण लोंढा रंगाच्या मागोमागच असतो. लाल दिसलं की काठावरून वर सरकायचं आणि थांबायचं. डोंगर उभा, पाणलोट लहान, त्यामुळे पाऊस थांबला की तास-दोन तासांत बहुतेक वेळा ओढा उतरतो. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर दोर असला तरी उतरू नये. घराकडे परत फिरण्याइतका वेळ हाताशी नेहमी ठेवायचा.

वेळेचं गणित आम्ही आमच्या पद्धतीनं बसवलं. धोदाणी ते माथा सुमारे ६०० मीटर चढ. धावणारे १०० मीटर चढाला एक सपाट किलोमीटर धरतात, म्हणजे अंतर कितीही कमी दिसलं तरी वर ६ किलोमीटरची भर घालायची. चालणाऱ्यांचा जुना हिशोब आणखी सोपा, ६०० मीटर चढाला एक तास जादा. हे न करता नुसतं अंतर बघून निघालेली माणसं अकरा वाजता अर्ध्यावर बसलेली सापडतात. घड्याळातल्या उंचीवरही पावसाळ्यात विसंबू नये. ते हवेच्या दाबावर चालतं. दाब एक मिलिबारनं उतरला की जागेवर उभ्या माणसाला ते ८ मीटर वर चढवून ठेवतं. तुमचं मोजमाप वेगळं. पाटी कुठे टेकवायची, त्या जागा ठरलेल्या. कमरेएवढा दगड, वर सावली आणि बहुधा पुढे लगेच खडा चढ. आम्ही नकाशात किलोमीटरच्या खुणा काढून टाकल्या आणि तुमचे टेके घातले. पाणी प्यायचं ते तिथे, मागच्याची वाट बघायची ती तिथे.

उन्हाचंही तसंच. धोदाणीची बाजू पश्चिमेची. सकाळी डोंगराचीच सावली तिच्यावर असते आणि दुपारनंतर मात्र प्रबळगडाकडून येणारं ऊन सरळ अंगावर. माथेरानच्या पूर्वेकडची गारबेटची सोंड उलटी. भिवपुरी रोड स्टेशनवर उतरून डिकसळ, पाली-भूतिवली धरणाच्या अंगानं सागाची वाडी करत वर येणाऱ्यांना सूर्य उगवल्यापासून पाठीवर असतो, आणि वरचं गवताळ पठार उघडं बोडकं. म्हणून मार्च ते मे चढायला धोदाणी, तेही उजाडताच. गारबेट पावसाळ्यात आणि थंडीत. ऐन पावसाळ्यात तिथे धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि सोंडेच्या दोन्ही बाजूंना कडा आहे, तेव्हा धावणं बंद. वन ट्री हिलखालची शिवाजीची शिडी मात्र धावण्याची वाट नव्हेच. तिथे हात लागतात, पावसात तर अजिबात नको.

माथ्यावर काय, मजाच आहे. गाड्यांना बंदी असल्यामुळे लुइझा पॉइंट, एको पॉइंट, शार्लोट तलाव अशी चक्कर अंजनी आणि जांभळीच्या सावलीत होते. मोठ्या वाटा सोप्या. घोडा समोरून आला तर थांबायचं, डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही. मागून गुपचूप पळत जायचं नाही, घोडा बुजतो. तलाव पिण्याच्या पाण्याचा, चिखलाचे बूट तिथे धुवायचे नाहीत. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ती आपलीच समजतात.

तुमच्याशी कसं वागायचं, हेही आम्हाला शिकावं लागलं, याची थोडी लाज वाटते. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला मान वळवता येत नाही, पायाशी बघता येत नाही. तिच्या मागे येऊन धापा टाकत उभं राहणं म्हणजे तिला घाबरवणं. वीस पावलं आधी हाक द्यायची, "मावशी, डावीकडून येतोय," आणि जागा अरुंद असेल तर आपणच थांबायचं. चढणारीला थांबवलं तर ओझ्यासकट पुन्हा पहिलं पाऊल उचलणं किती जड जातं, ते एकदा पाटी उचलून बघावं.

आणि बांध. वाडीतून वाटेला लागायला भातखाचरांमधून जाणारा आखूड रस्ता काही नकाशांत अजून दिसतो. जून ते ऑक्टोबर तो वापरायचा नाही. बांध नवा, ओला, त्यात खेकड्यांची बिळं. दहा जण बूट आपटत गेले की कड ढासळते, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि लावणीला आलेलं शेत रात्रीत कोरडं पडतं. आमच्या नकाशातून तो तुकडा काढला आहे आणि वाट वाडीच्या रस्त्यानं फिरवली आहे. अंतर थोडं वाढतं, वाढू दे. फांद्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या फितीही आता नाहीत. गुरं त्या चघळतात, हे तुम्ही दाखवलंत. सुती चिंध्या बांधतो आणि त्याच दिवशी शेवटचा माणूस सोडवत खाली येतो. मोजून नेतो, मोजून आणतो.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या टेक्याच्या वर यंदा माती खचली आहे. तिथे दोन पायवाटा नव्यानं पडलेल्या दिसतात, एक आंब्याच्या वरून, एक खालून. फांद्या दोन्हीकडे अजून मोडलेल्या नाहीत, त्यामुळे आम्हाला कळत नाही. पाटी घेऊन तुम्ही कुठून जाता, तेवढा निरोप वाडीतल्या कुणाकडे तरी ठेवा. तोवर नकाशात तो तुकडा कोरा सोडला आहे.

तुमची,
रविवारी पहाटे येणारी पनवेलची पळणारी मंडळी