वैजू, इराला हार्बिनला पाठवू का?

पुणे, 24 मे

प्रिय वैजू,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, दिवाळीचा फोनही 'नंतर बोलू' म्हणून ठेवला. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच, कारण काम पडलंय. तब्येत बरी. बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो. संपलं.

ताईची इरा चीनला निघाली आहे. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पास आहे, बी.ए. हातात आहे, आणि सप्टेंबरपासून एक वर्ष नुसती भाषा शिकायची असं ठरलंय. पदवी नाही, शेवटी फक्त प्रमाणपत्र. तीन ठिकाणांहून होकार आलेत: बीजिंग भाषा आणि संस्कृती विद्यापीठ, हार्बिनचं हेलोंगज्यांग विद्यापीठ आणि कुनमिंगचं युन्नान नॉर्मल विद्यापीठ. आठवड्याभरात एकाला हो म्हणायचंय. ताईचं म्हणणं, "तुम्ही दोघी जेएनयूत चिनी शिकत एवढी वर्षं काय केलंत मग? सांगा आता." भावजींनी जागतिक क्रमवारी उघडली, आणि पहिल्या शंभरात यातलं एकही नाही म्हणून त्यांचा जीव खालीवर. ती क्रमवारी संशोधनाची. परदेशी पोरांना भाषा शिकवणारा विभाग म्हणजे विद्यापीठाच्या आवारातलं वेगळंच बिऱ्हाड असतं: इमारत वेगळी, शिक्षक वेगळे, वसतिगृह वेगळं. भौतिकशास्त्रात त्या विद्यापीठाचा नंबर कितवा याचा इराच्या चिनी उच्चारांतल्या चौथ्या सुराशी काय संबंध? हे भावजींना पटत नाही. तुला न सांगता पटेल.

आईचं मत आणखी वेगळं. जायचंच तर कोटणीसांच्या गावी जाऊ दे, म्हणजे शिजियाझुआंगला, तिथे त्यांचा पुतळा आहे. सोलापूरकरांना चीनमध्ये दुसरं शहर माहीत नसतं. पण म्हातारीच्या बोलण्यात तथ्य आहे हं. डॉ. कोटणीस हपे प्रांतातल्या खेड्यांत राहिले, जिथे चिनीखेरीज दुसरी कुठली भाषा चालतच नव्हती, आणि त्याच भाषेत वैद्यकीचे वर्ग घेऊ लागले. माझी सगळी काळजी तीच आहे. इराला इंग्रजी फार छान येतं, आणि ते तिच्या मागोमाग बीजिंगला जाणार.

बीजिंगचं आधी सांगते. 1962 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवण्यासाठीच काढलेली संस्था, त्यामुळे या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही. मोठा फायदा पातळ्यांचा. सप्टेंबरात पहिल्याच आठवड्यात चाचणी होते, थोडी लेखी, थोडी तोंडी, आणि त्यावरून वर्ग ठरतो. मोठ्या ठिकाणी मधल्या पातळीचेच कितीतरी वर्ग असतात, म्हणून चुकीच्या वर्गात पडली तर एक पायरी वर किंवा खाली सरकता येतं. ही मुभा साधारण पहिला-दुसरा आठवडाच असते. नंतर पुस्तकं वाटली जातात, याद्या बंद होतात. लहान विद्यापीठात बऱ्याचदा दोनच वर्ग भरतात: एक शून्यापासूनचा आणि दुसरा 'बाकी सगळे'. चौथी पातळी पार केलेली मुलगी त्या 'बाकी सगळ्यां'त गेली की अर्धं सत्र जुनेच धडे. फेब्रुवारी-मार्चच्या प्रवेशात तर हे हमखास होतं, तेव्हा नवे विद्यार्थी कमी असतात आणि चालू वर्गात जागा असेल तिथे बसवतात. निदान सप्टेंबरचा आग्रह तरी इरानं ऐकला.

पण त्याच बीजिंगच्या वसतिगृहात परदेशी पोरं एकत्र, चिनी पोरं दुसऱ्या इमारतीत. वर्ग सकाळी आठ ते बारा. बारानंतर कुठे? बाहेर वूदाओखौचा गजबजलेला भाग, कोरियन खानावळी, कॉफीची दुकानं, आणि जिकडेतिकडे इंग्रजीत बोलायला उत्सुक मंडळी. चार तास चिनी आणि बारा तास इंग्रजी असा हिशेब होतो, आणि वर्षाअखेरीस पोर वर्गातलं चिनी फर्डं बोलते, पण नळ गळतोय हे खालच्या काकूंना सांगता येत नाही.

म्हणून मला हार्बिन सुचतंय. हसू नकोस. थंडीचं मला ठाऊक आहे, जानेवारीत रात्री उणे वीसच्या खाली जातं. पण तिकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत सार्वजनिक हीटिंग चालू असतं, खोलीत पोरं टी-शर्टवर बसतात. बीजिंगला ते 15 नोव्हेंबर ते 15 मार्च. खरी कुडकुड होते नानजिंग, हांगझौ, वूहानला, कारण छिनलिंग डोंगर आणि हुआय नदीच्या रेषेच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण चीनच्या सीमेच्या, दक्षिणेला सार्वजनिक हीटिंग सहसा नसतं. तिथे दोन-तीन अंशांची ओली थंडी घरात येऊन बसते. ताई 'उणे पंचवीस' ऐकून घाबरते आणि नानजिंगचं 'अधिक तीन' ऐकून खूश होते.

मुद्दा थंडीचा नाहीच, वसतिगृहाच्या बोळात कुठली भाषा चालते याचा आहे. हेलोंगज्यांग विद्यापीठाचा उगमच 1941 मध्ये रशियन शिकवण्यासाठी काढलेल्या तुकडीत आहे, आणि सीमेपलीकडून येणारी रशियन पोरं तिथे भरपूर. इराला रशियनचं अक्षर येत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी जेमतेम. म्हणजे सामाईक स्वयंपाकघरात "माझं पातेलं कोणी घेतलं" हे भांडण चिनीतच करावं लागेल! कुनमिंगलाही तेच: थाई, लाओ, व्हिएतनामी मुलं. तिथं हवा सुखाची, शहर एकोणीसशे मीटरवर, खर्च कमी, आणि युद्धकाळात बीजिंग, त्सिंग्हुआ आणि नानखाई ही तीन विद्यापीठं मिळून चाललेल्या संयुक्त विद्यापीठाचा वारसा त्या आवाराला आहे. पण रस्त्यावरची बोली नैर्ऋत्येकडची. वर्गात शिक्षक प्रमाण भाषाच बोलणार, त्यांना उच्चारांची परीक्षा दिल्याशिवाय शिकवता येत नाही. अडतं ते भाजीवालीपाशी. हार्बिनला भाजीवालीही बरीचशी बातम्यांसारखी बोलते. आता तू म्हणशील, सर्वांत शुद्ध उच्चार हपे प्रांतातल्या ल्वानफिंग तालुक्याचे. हो बाई, 1953 मध्ये प्रमाण उच्चारांसाठी तिथेच नमुने गोळा केले. पाठवू का तिला तिथे? आणि बीजिंगकर शब्दाशेवटी 'र' लावत जीभ वळवतात त्यावरून आपलं जे भांडण अर्धवट राहिलंय ते तसंच राहू दे.

तैपेईचं तर नावच काढू नकोस. तिथल्या नॉर्मल विद्यापीठाचं चिनी शिकवण्याचं केंद्र 1956 पासूनचं आहे, वर्ग लहान असतात, तिथली माणसं सौम्य बोलतात, सगळं मान्य. पण नेहमीचा वर्ग आठवड्याला दहा तासांचा, आणि अक्षरं पारंपरिक. इराला काम करायचंय ग्वांगदोंगच्या कारखान्यांशी, कंत्राटं वाचायचीत. चीनमध्ये चालतात ती सोपी केलेली अक्षरं आधी. तू हरलीस. (पारंपरिक लिपी सुंदर आहे हे मी आजवर फक्त तुझ्या पाठीमागे कबूल केलंय.)

तासांवरून आठवलं. पत्रकात 'आठवड्याला 20 तास' छापतात. ते तास 45-50 मिनिटांचे असतात, आणि त्यातच सुलेखन आणि ताय-ची व्यायामाचे तास धरलेत की ते वेगळे, हे विचारावं लागतं. वीस खरे असतील तर सोळा-अठरा आठवड्यांच्या सत्रात तीनशे वीस ते तीनशे साठ तास पडतात. जुन्या मोजणीत चौथी पातळी 1200 शब्दांची, पाचवी 2500 ची, सहावी 5000 ची, दर पायरीला दुप्पट. पुढे एम.ए. चिनीतून करायचं तर बहुतेक ठिकाणी निदान पाचवी लागते. म्हणजे वर्ष वाया घालवायला जागा नाही. शिवाय 2021 पासून नऊ पातळ्यांचं नवं मानक आलंय, तेव्हा कुठल्या मानकावर कुठलं पुस्तक शिकवतात हेही विचारायचं. आणि वर्गात जपानी किती. जास्त असतील तर वाचनाचा तास पळतो, कारण त्यांना अक्षरं घरचीच.

हे सगळं तिघांनाही मेलने विचारायला लावलं, चिनीतून, तिच्याच हातानं. परदेशी विद्यार्थी कार्यालय कसं आहे हे उत्तरावरून कळतं. एका ठिकाणाहून (नाव नको) बरेच दिवस काही नाही, मग इंग्रजी माहितीपत्रक आलं, स्टेडियमच्या फोटोसकट. दुसऱ्यानं प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहिलं. शुल्काचे आकडेही चिनी पानावरचेच खरे धरायचे, इंग्रजी पान कोणी हलवत नाही. प्रांतीय विद्यापीठात वर्षाला पंधरा ते अठरा हजार युआन, बीजिंगच्या नावाजलेल्यांत वीस हजारांच्या वर. युआन बारा-तेरा रुपयांच्या आसपास धर. अर्जाचे चारशे ते आठशे, परत न मिळणारे. विमा वर्षाला 800. मध्येच पुण्यातल्या एका एजंटाने ताईला गाठून 'प्रवेश करून देतो' म्हणत मोठी रक्कम सांगितली. भाषेच्या अभ्यासक्रमाला एजंट लागतोच कशाला? अर्ज थेट भरता येतो, आणि एजंट सुचवतो ते त्याला दलाली देणारं विद्यापीठ.

सर्वांत जास्त गोंधळ आपल्याकडे नावाचा होतो. पासपोर्टवर 'इरा' पुढे वडिलांचं नाव, मग आडनाव. अर्जात पोरं नुसतं 'इरा' आणि आडनाव लिहितात. मग प्रवेशपत्र आणि विद्यापीठाकडून येणारा व्हिसासाठीचा फॉर्म, जेडब्ल्यू 202, तसंच छापून येतं, व्हिसाच्या खिडकीवर नाव जुळत नाही, आणि नवा कागद यायला काही आठवडे. पासपोर्टच्या तळाशी दोन ओळी असतात, त्यात जे आहे ते अक्षरशः उतरवायचं. पुढे बँक खातं आणि मोबाइलही त्याच नावानं. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म सहा महिनेच चालतो, म्हणून उत्साहाच्या भरात जानेवारीत करून ठेवायचा नाही. आणि फोटोवर इस्पितळाचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा, नाहीतर तिथे पुन्हा रक्त काढतात.

एक्स-1 या विद्यार्थी व्हिसावर मुक्कामाचे दिवस '000' लिहिलेले बघून ताई रडायला लागेल, तिला आधीच सांगून ठेव. तो व्हिसा फक्त आत जाण्यापुरता. उतरल्यावर तीस दिवसांत निवासी परवाना काढायचा, आणि तोवर पासपोर्ट काही दिवस पोलिसांकडे राहतो, म्हणजे त्या दिवसांत सहली नाहीत. वसतिगृह सोडून बाहेर खोली घेतली तर चोवीस तासांत जवळच्या ठाण्यात नोंद. ताईची दुसरी चिंता फोनची. तिकडे व्हॉट्सॲप बंद, इकडे 2020 पासून वीचॅट बंद. भारतीय सिमवर रोमिंग ठेवलं तर व्हॉट्सॲप चालतं, आणि बँकेचे ओटीपीही येतात, म्हणून ते सिम जिवंत ठेवायचं. जेवणाचं फार नाही. अंडं खाते, तेव्हा टोमॅटो-अंड्यावर जगेल.

आता तुझ्याकडे येते. बदलीचं झालं का? सौरभनं ते कॉलेज सोडलं हे ताईकडून कळलं, बरं केलं. भाऊसाहेबांचं मोतीबिंदूचं लांबवू नका. नाशिकला पाणी आलं की नाही ते कळव. सगळं पुढच्या पत्रात सविस्तर, शपथ.

हे बघ, माझ्या मनात दुसरी एक वाट आहे. शुल्क सत्रागणिक घेतात का ते बीजिंगला विचारलंय. घेत असतील तर पहिलं सत्र बीजिंग, पातळी पक्की करायला, आणि मार्चपासून हार्बिन, बोलायला. त्यासाठी जुन्या ठिकाणचं शाळा सोडल्याचं पत्र, हजेरी आणि गुणपत्रक लागतं, नवं जेडब्ल्यू 202 आणि परवानाही नवा, म्हणजे नोव्हेंबरपासून धावपळ. हजेरी कमी पडली तर सगळंच अडतं. शिवाय मार्चच्या प्रवेशाचं जे वर लिहिलं ते इथेही आड येतं: हार्बिनला मधला वर्ग भरला नाही तर? मग सरळ हार्बिनच का नको? लेखी उत्तरात त्यांनी मधल्या पातळीचे तीन वर्ग सांगितलेत. मी रोज मत बदलतेय, आणि इराला ते कळतंय.

तिचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, याचा मला अजून राग आहे. रविवारी सकाळी दहाला ती तुला फोन करेल. पहिली पंधरा मिनिटं चिनीतच बोल तिच्याशी, भाव करायला लाव, वाद घाल. बोलताना अडली की इंग्रजीत पळते का बघ. पळत असेल तर माझं मत हार्बिन. न पळता चाचपडत चिनीतच राहिली तर बीजिंगलाही निभावेल. आणि तैपेई सुचवलंस तर आंब्यांची पेटी मिळणार नाही.

तुझी,
मेधा

ता. क. फोन झाल्यावर आधी मला सांग, ताईला नको. ती भावजींना सांगेल, आणि भावजी पुन्हा क्रमवारी उघडतील.