केकची साखळी आणि गल्लीतला पाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या बेकरी साखळ्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. कुलाब्याच्या खुसरो बागेत २००४ साली एका पारशी कुटुंबाने थिओब्रोमा ही बेकरी सुरू केली आणि २०२५ मध्ये ख्रिसकॅपिटल या गुंतवणूक कंपनीने त्यातला बहुतांश हिस्सा घेण्याचा करार केला, हा प्रवास लेखात नीट आला आहे. पण लेख वाचून असे वाटावे, की मुंबईत केकची साखळी २००४ मध्येच जन्मली. आम्ही परळ-लालबागकर तिला त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोर्टात दोन इटालियन भाऊ मॉन्जिनीज या नावाने केटरिंग करत. त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः युरोपियन. १९५० च्या दशकात हा व्यवसाय खोराकीवाला कुटुंबाकडे आला. अकबरअलीज हे दुकानही त्याच घराण्याचे. साहेबाच्या टेबलावरचा केक चाळीच्या जिन्यापर्यंत आणायचे काम पुढे मॉन्जिनीज या नावाने केले, आणि ते कसे झाले हेच आपल्या लेखात यायला हवे होते.

खारी, टोस्ट, नानकटाई डब्यात घालून आठवडेच्या आठवडे राहतात. क्रीमच्या केकचे तसे नाही. तो थंड ठेवावा लागतो, धक्का लागला तर बिघडतो, आणि दोन-तीन दिवसांत खपला नाही तर टाकावा लागतो. त्यामुळे मुंबईत केक भाजून तो गावोगाव पाठवणे परवडणारे नव्हते. भागाभागाला एक कारखाना, तिथे रात्री भाजणी, पहाटे गाडीत माल भरून दुकानांना वाटप, असाच हा धंदा वाढू शकत होता. दुकान चालवायला माणूस त्याच वस्तीतला. त्याने गाळा द्यायचा, काचेचा फ्रीज लावायचा, माल कारखान्यातून घ्यायचा. फ्रँचायझी हा शब्द आमच्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता, पण पद्धत सगळ्यांना समजली होती. भट्टी एका जागी, दुकाने शंभर जागी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आमच्या चाळीतल्या एका साच्यावरच्या (मागावरच्या) कामगाराने चार वर्षे मिळेल ते काम केले आणि मग मेहुण्याच्या गाळ्यात असे केकचे दुकान टाकले. त्याची बायको केकवर नाव लिहायची. मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. देवनागरी अक्षर आयसिंगच्या कोनातून वळवायला जड जाते, म्हणून ती माझ्याकडून आधी कागदावर लिहून घ्यायची. गिऱ्हाईक ‘हॅपी बर्थडे’च्या खाली ‘चि. सोनू’ लिहायला सांगत. बिनअंड्याचा केक मिळू लागल्यावर माळकऱ्यांच्या घरीही तो आला. मेणबत्ती फुंकणे आजीला खपत नसे. वाढदिवसाला दिवा विझवायचा नाही, असे तिचे ठाम म्हणणे. मग आधी निरांजनाने औक्षण आणि नंतर केक, अशी तडजोड घरोघर झाली.

ही तडजोड साधी नव्हती. १८४९ मध्ये मुंबईत जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा निघाली, तेव्हा सभासद होणाऱ्याला परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे, आणि सभा गुप्तपणे भरे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, आले. ज्या समाजात भट्टीतल्या पदार्थाने जात जात असे, त्याच समाजातली आजी आज नातवाला केक भरवते. माझ्या मते या धंद्याने मिळवलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, आणि ती कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

पण साखळीच्या हाती पाव कधी लागला नाही, आणि माझ्या पत्राचे खरे कारण तेच आहे. गोव्याच्या बेकरीवाल्यांनी आणलेला पाव आणि इराणी हॉटेलांचा ब्रून-मस्का (कडक पाव आणि लोणी) या शहराने आपलासा केला. वडापाव, मिसळ, भुर्जी, सगळे त्याच्या जिवावर. पावाची लादी स्वस्त असते, दुसऱ्या दिवशी शिळी होते, आणि गिऱ्हाईकाला ती सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ताजी लागते. एवढ्या कमी नफ्यावर गाडी आणि फ्रीजचा खर्च निघत नाही. म्हणून पावाची भट्टी गल्लीतच राहिली.

आता ही भट्टीच अडचणीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. मी या आदेशाच्या बाजूची आहे, हे स्पष्ट लिहिते. आमच्या खोलीच्या मागेच एक बेकरी होती. तिथे जुन्या फर्निचरचे भंगार लाकूड जळे, रंग आणि पॉलिशसकट. आईचा दमा त्या धुराने किती वाढला, ते मी रोज रात्री तिच्या उशाशी बसून पाहिले आहे. त्या भट्टीसमोर उभा राहून लांब दांड्याच्या फळीने पाव काढणारा कारागीर तर तोच धूर आयुष्यभर घेतो.

पण साखळीच्या कारखान्याला नवा ओव्हन हा एका वर्षाचा खर्च असतो, आणि गल्लीतल्या बेकरीला तो सगळ्या वर्षांची बचत घालून घ्यावा लागतो. जुन्या इमारतीतल्या अरुंद गाळ्यात गॅसची पाइपलाइन आणायची, विजेचा जास्त भार मंजूर करून घ्यायचा, आणि त्या काळात भट्टी बंद ठेवायची. कारागीर बहुतेक उत्तर प्रदेशातले, बेकरीच्या माळ्यावर झोपणारे; भट्टी महिनाभर थांबली तर ते गावी जातात आणि सगळे परत येत नाहीत. महापालिकेने नोटिसा पाठवल्या, तसे कमी व्याजाचे कर्ज आणि गॅसजोडणीत अग्रक्रमही द्यायला हवा. धूर थांबावा आणि पावही राहावा, हे दोन्ही जमण्यासारखे आहे.

आमच्या गल्लीतल्या बेकरीच्या दारावर कागद लावला आहे : ‘भट्टीचे काम चालू आहे. पाव फक्त संध्याकाळी साडेपाचनंतर.’ आपण पुरवणीचे एक पूर्ण पान साखळीला दिलेत. आपल्या वार्ताहराला एकदा साडेपाचला या रांगेत पाठवावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक (निवृत्त शिक्षिका),
परळ, मुंबई