वकिलाच्या लेखाखाली हितसंबंधांचे निवेदन छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालमत्तेची कामे पाहणाऱ्या वकिलांनी वृत्तपत्रांत लेख लिहिणे ही आडवाटेने केलेली जाहिरातच होय, असे मत एका वाचकाने आपल्या पत्रस्तंभात मांडले आहे. मी ठाण्यात वीस वर्षांपासून जमिनी व सदनिकांच्या दस्तांचे काम करतो आणि मानधनावर नियतकालिकांसाठी लिहितोही, म्हणून हे उत्तर.

भारतीय विधिज्ञ परिषदेचा ३६ वा नियम वकिलाला जाहिरात करण्यास आणि स्वतः चालवलेल्या प्रकरणांबाबत वृत्तपत्रांना मजकूर पुरवण्यास मनाई करतो. ५१ वा नियम मात्र, जाहिरात आणि पूर्णवेळ नोकरी यांवरील बंधने पाळून, पत्रकारितेची मुभा देतो. तेव्हा लिहिणे नियमबाह्य नाही. तरीही त्या वाचकाची शंका मला रास्त वाटते.

लिहिण्याची गरज का आहे, हे अभिहस्तांतरणावरून, म्हणजे बोलीतल्या ‘कन्व्हेयन्स’वरून, सांगतो. १९६३ च्या ‘मोफा’ कायद्यानुसार, म्हणजे महाराष्ट्रातील सदनिकांच्या विक्रीविषयीच्या कायद्यानुसार, करारात वेगळी मुदत ठरलेली नसल्यास, गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते. ते न झाल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून होणाऱ्या हस्तांतरणाचा, अर्ज करता येतो. तरीही माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जुन्या संस्थांचे पदाधिकारी सदनिकेचा नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) दाखवून ‘आमचे सगळे कागद पूर्ण आहेत’ असे विश्वासाने सांगतात. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढले की जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर दिसते आणि पुनर्विकासाची बोलणी तिथेच अडतात. आयुष्यभराची पुंजी घातलेल्या वृद्ध सभासदांना हे समजावून सांगताना मला फार वाईट वाटते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी सही केलेला करार इंग्रजीत असतो. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही, ही साधी गोष्टही पुष्कळ जणांना पैसे भरून झाल्यावर कळते. असा मजकूर सोप्या मराठीत, रोज दस्त हाताळणाऱ्या माणसाकडून यायला हवा.

धोका असलाच तर दुसरीकडे आहे. ज्या विकासकाच्या जमिनीचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासल्याचा अहवाल, मी दिला, त्याच्याच प्रकल्पाच्या परिसराची भलामण करणारा लेख मी लिहिला, तर वाचकाला ते नाते कळण्याचा मार्ग नसतो. अशा विषयावर लिहिण्यास मी आजवर नकार देत आलो आहे, परंतु ते वाचकाने केवळ माझ्या शब्दावर का मानावे?

म्हणून माझी विनंती अशी, की मालमत्तेविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक वकिलाकडून, लेखात उल्लेखिलेल्या विकासकाशी, जमीनमालकाशी वा संस्थेशी त्याचा व्यावसायिक संबंध आहे किंवा नाही, याचे लेखी निवेदन घ्यावे आणि ते लेखाखालीच छापावे. लेखकाच्या कार्यालयाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक छापू नयेत. या नियमाची सुरुवात माझ्याच पुढच्या लेखापासून झाली, तर मला समाधान वाटेल.

आपला,
एक वकील वाचक, ठाणे